११८-११० वर सगळे बोंबलले, पण गोलोव्हकिनचा विजय गेला तो सातव्या राउंडच्या एका चिठ्ठीत

प्रश्न असा आलाय: २०१७ ची कॅनेलो-गोलोव्हकिन बॉक्सिंग फाइट आत्ता पहिल्यांदा पूर्ण बघितली, गोलोव्हकिन सरळसरळ जिंकलेला दिसतोय, तरी निकाल ड्रॉ. एका जजने तर कॅनेलोला ११८-११० दिले. हे सेटिंग नाही तर काय? आणि जज लोक तिथे बसून नक्की बघतात तरी काय?

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. तरुणपणी खेळलो, फार दिवे लावले नाहीत, मग वीसेक वर्षं अमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये जज आणि रेफरी म्हणून काम केलं, जिल्हा, राज्य, आंतरविद्यापीठ वगैरे, आणि आता रोज संध्याकाळी पोरांना शिकवतो. प्रोफेशनल टायटल फाइटला मी कधीच बसलेलो नाही, त्यामुळे व्हेगासच्या आतल्या गोष्टी मला माहीत आहेत असा आव आणणार नाही. पण रिंगच्या कडेची ती खुर्ची मला माहितीये.

आणि शब्दांची एक भानगड सुरुवातीलाच मिटवू. मराठीत पंच म्हणजे निकाल देणारा, आणि आमच्या पोरांच्या तोंडी पंच म्हणजे ठोसा. "पंचांनी पंच बघितलाच नाही सर" असं वाक्य मी स्वतः ऐकलंय. म्हणून इथे निकाल देणारा तो जज आणि मारलेला तो ठोसा.

तर १६ सप्टेंबर २०१७, लास व्हेगास, टी-मोबाइल अरिना, बावीस हजारांवर पब्लिक, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाचा वीकेंड. गोलोव्हकिन ३५ वर्षांचा, कझाकस्तानचा, ३७ पैकी ३७ जिंकलेला, मिडलवेट या वजनगटाचे डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ या संस्थांचे तीन मोठे बेल्ट, म्हणजे जगज्जेतेपदं, त्याच्याकडे. कॅनेलो २७ चा, मेक्सिकोचा लाडका, अमेरिकेच्या मेवेदरकडून एकदा हरलेला. बारा राउंड झाले, कोणीच खाली पडलं नाही, आणि तीन जजची गुणांची कार्डं आली ती अशी: डेव्ह मोरेटी ११५-११३ गोलोव्हकिन, ॲडलेड बर्ड ११८-११० कॅनेलो, डॉन ट्रेला ११४-११४. एक इकडे, एक तिकडे, एक मध्ये, म्हणजे स्प्लिट ड्रॉ. ड्रॉ झाला की बेल्ट चॅम्पियनकडेच राहतात, त्यामुळे कागदावर गोलोव्हकिनचं काहीच गेलं नाही, असं म्हणणारेही त्या वेळी भेटले होते.

आता गणित बघा, कारण नुसत्या आरडाओरड्यात ते कोणी केलं नाही. प्रत्येक राउंडला जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. बारा राउंडांत ११८-११० म्हणजे दहा राउंड कॅनेलोचे आणि दोन गोलोव्हकिनचे. बर्डबाईंचं कार्ड गोलोव्हकिनच्या बाजूला फिरवायचं तर पाच राउंड उलटे करावे लागतात. ट्रेलांचं कार्ड सहा-सहा, तिथे एकच राउंड उलटा केला की ११५-११३ गोलोव्हकिन, मोरेटींचं कार्ड आधीच तिकडे, म्हणजे गोलोव्हकिन जिंकला, विषय संपला. बर्डबाईंनी कितीही लिहिलं असतं तरी फरक पडला नसता.

आणि तो एक राउंड कुठला ते पण कळलं नंतर कार्डं बाहेर आल्यावर. सातवा. ट्रेलांनी सातवा कॅनेलोला दिला. गंमत अशी, खरं तर गंमत नाहीच, की बर्डबाईंनी गोलोव्हकिनला जे दोन राउंड दिले ते चौथा आणि सातवा. म्हणजे ज्या बाईंना त्या रात्री गोलोव्हकिनचं जवळजवळ काहीच दिसलं नाही त्यांनाही सातवा त्याचाच वाटला, आणि ज्या माणसाचं कार्ड वरवर सगळ्यात समजूतदार दिसतं त्याने तो उलटा दिला. जगभर शिव्या बर्डबाईंना पडल्या, आणि ट्रेलांचं नाव आज दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर ११८-११० हे वाईट कार्डच आहे, त्याचा बचाव मी करणार नाही, पण निकाल ज्याने फिरला तो सातवा राउंड.

मग प्रश्न येतो की बारा राउंड समोर बसून एवढं वेगळं दिसतं कसं. तर टीव्हीवर तुम्ही जे बघता ते जज बघत नाही. तुमच्याकडे सहा-सात कॅमेरे, रिप्ले, वर कॉमेंटेटर कानात सांगतोय कोण भारी. जज एका बाजूला एका खुर्चीवर, उंच स्टूल असलं तर नशीब, नजर साधारण बॉक्सरच्या पोटरीच्या उंचीला, समोर चार दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांच्या आत एक तिसरा माणूस सतत फिरतोय तो रेफरी. तीन जज तीन बाजूंना बसवतात ते याचसाठी, की एकाला पाठ दिसली तर दुसऱ्याला छाती दिसावी. बघायच्या गोष्टी चार: स्वच्छ लागलेला ठोसा, कामाचं आक्रमण, रिंगवर ताबा कोणाचा, आणि बचाव. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची असं आम्ही सगळे शिकवतो, पण बाकीच्या तिघींचं वजन किती हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि सगळी भांडणं तिथूनच निघतात. गोलोव्हकिन पुढे पुढे जातोय, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, टाकतोय, हे आक्रमण. कॅनेलो दोरीला पाठ लावून कमरेतून डोकं असं काढून घेतोय की समोरच्याचे ठोसे हवेत जातायत, हा बचाव. एखाद्या जजला ते डोकं काढणंच आवडलं की झालं, मग त्याला पुढे येणारा माणूस हा चुकणारा माणूस दिसायला लागतो. बर्डबाईंचं तेच झालं असावं असा माझा अंदाज.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. तिथे प्रत्येक राउंडनंतर जजच्या हातातून चिठ्ठी काढून घेतात. बेरीज जज करतच नाही. त्यामुळे "मी आत्तापर्यंत आठ राउंड एकालाच दिलेत, जरा जास्तच होतंय का" असं बघायला कार्ड समोर नसतं, आणि तसं ते असूही नये, नाहीतर माणूस बॅलन्स करायला लागतो. पण त्याचा तोटा असा की पहिल्या दोन राउंडांत डोळ्यावर जो चष्मा चढला तो उतरवणारं कोणी नाही.

माझंच सांगतो. एका तालुक्याच्या गावात स्पर्धा होती, मांडव, हॅलोजन, रिंग थोडी तिरकीच लागलेली, फायनलला निळ्या कॉर्नरला तिथलाच पोरगा. तीन जज. मी ज्या बाजूला होतो तिथून दुसऱ्या राउंडमध्ये लाल पोराची बहुतेक पाठच दिसत होती. निळा पोरगा उघड्या ग्लोव्हने मारायचा, फाट फाट आवाज, प्रत्येक आवाजाला मांडव उठायचा. उघड्या ग्लोव्हची चापट मोजायची नसते हे मी लोकांना वर्गात शिकवायचो बरं का. घाम उडून चिठ्ठीवर पडला, आकडा पुसट झाला, मी तो परत गिरवला, म्हणजे विचार करायला दोन सेकंद जास्तच मिळाली मला, तरी निळ्यालाच दिला. निकाल २-१ निळा. लाल पोराचे कोच वयस्कर गृहस्थ, काही ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर भेटले, चहा सांगितला आणि इतकंच विचारलं, "सर, तुमच्या बाजूने काय दिसत होतं?" मी काहीतरी गोलगोल उत्तर दिलं. काही वर्षांनी कोणीतरी समोरच्या बाजूने मोबाइलवर घेतलेलं शूटिंग दाखवलं. लाल पोरगा त्या अख्ख्या राउंडमध्ये आखूड हाताने बरगडीत मारत होता, खाली, कोपराच्या आत, आवाज न करता. एकही मला दिसला नव्हता. मला कोणी पाकीट दिलं नव्हतं, कोणी फोन केला नव्हता, त्या निळ्या पोराचं नावही मला आज आठवत नाही.

म्हणून "सेटिंग" म्हटलं की मी लगेच मान डोलवत नाही. पण अगदीच भाबडेपणाही नको. नेवाडात, म्हणजे व्हेगास ज्या राज्यात आहे तिथे, जज नेमतं ते राज्याचं कमिशन, त्यांची फी कमिशन ठरवतं, पण तो पैसा येतो फाइट भरवणाऱ्या प्रमोटरकडून. बेल्ट देणाऱ्या संस्था बॉक्सरच्या मानधनातून आपला वाटा घेतात. मोठी फाइट म्हणजे जजला मोठी फी, मोठं नाव, पुढचं बोलावणं. आणि त्या रात्री तिकिटं कोणाच्या नावावर खपली हे खुर्चीवरच्या माणसाला सांगावं लागत नाही. कोणी काही सांगत नाही, हीच तर अडचण आहे, सांगितलं असतं तर पकडता आलं असतं. ड्रॉ झाला की रिमॅच विकता येते हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. फाइटनंतर कमिशनचे बॉब बेनेट म्हणाले की बर्ड चांगल्या जज आहेत, त्यांचा दिवस वाईट गेला, आणि त्यांना थोडे दिवस मोठ्या फाइट्सपासून बाजूला ठेवलं. बस, एवढंच.

"मग ठोसे मोजायचं मशीन आहे ना" असंही लोक विचारतात. कॉम्प्युबॉक्स म्हणजे मशीन नाही हो, दोन माणसं बसतात, एकेक बॉक्सर वाटून घेतात आणि बटणं दाबतात. त्यांचा आकडा, गोलोव्हकिनने मारलेल्या ७०३ पैकी २१८ लागले, कॅनेलोचे ५०५ पैकी १६९. आकडा गोलोव्हकिनच्या बाजूचाच आहे, पण निकालात त्याला काडीची किंमत नाही, आणि बटण दाबणाऱ्याला ठोशाचं वजन कळत नाही. अमॅच्युअरमध्ये आम्ही हा प्रयोग भोगलाय. १९८८ ला सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्सने कोरियाच्या पोराला धू धू धुतलं आणि ३-२ ने हरला, त्यानंतर ऑलिंपिकमध्ये बटणं आली, पाचपैकी तीन जजनी सेकंदाच्या आत दाबलं तरच पॉइंट. झालं काय, पोरं शरीरावर मारायचीच बंद झाली, कारण बरगडीतला ठोसा कोणाला दिसत नाही आणि पॉइंट मिळत नाही, नुसती लांबून टकटक. २०१३ पासून दहा-नऊवर आलो. आणि २०१६ ला रिओमध्ये परत बोंब, इतकी की तिथे काम केलेल्या सगळ्या ३६ रेफरी-जजना नंतर बाजूला बसवलं.

टायटल फाइटमध्ये याहून मोठे घोळ झालेत. १३ मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलीफिल्ड, हेवीवेटचे बेल्ट एकत्र आणणारी फाइट. लागलेले ठोसे लुईसचे ३४८, होलीफिल्डचे १३०. तरी ड्रॉ! जज युजिनिया विल्यम्सने ११५-११३ होलीफिल्ड दिले, त्यात पाचवा राउंड होलीफिल्डला, ज्यात लुईसने त्याला कोपऱ्यात घालून बदडला होता. चौकशी झाली तेव्हा त्या म्हणाल्या की मध्ये फोटोग्राफर येत होते आणि टीव्हीवर परत बघितल्यावर तो राउंड मी लुईसला दिला असता. लोक हसले तेव्हा. मी त्या मांडवातल्या खुर्चीनंतर हसायचं सोडलंय, अर्थात ठोशांच्या आकड्यांतला एवढा फरक फोटोग्राफरच्या पाठीमागे मावतो असं मलाही वाटत नाही.

मग निकाल उलटवत का नाहीत? कारण उलटवता येत नाही. नेवाडाच्या नियमात तीनच वाटा आहेत: जज-रेफरीने कोणाशी संगनमत केलं, कार्डाची बेरीज चुकली, किंवा रेफरीने नियमच चुकीचा लावला. "जजला दिसलं नाही" ही वाट नाही. ९ जून २०१२ ला मॅनी पॅकियाओ टिमोथी ब्रॅडलीविरुद्ध दोन जजच्या ११५-११३ वर हरला, तिसऱ्याने तेच ११५-११३ पॅकियाओला दिले होते. बेल्ट देणाऱ्या डब्ल्यूबीओ या संस्थेने पाच जज बसवून व्हिडिओ परत बघायला लावला, पाचही जण म्हणाले पॅकियाओ. तरी बेल्ट ब्रॅडलीकडेच. ब्रॅडलीला जिंकवणाऱ्या दोन जजपैकी एक सी. जे. रॉस, त्यांनीच पुढच्या वर्षी मेवेदर-कॅनेलो फाइट ११४-११४ लिहिली, जी आंधळ्यालाही मेवेदरची दिसत होती, आणि मग त्या स्वतःच बाजूला झाल्या. कॅनेलोच्या नशिबात हे असं पहिल्यांदा नाही घडलेलं.

आपल्याकडे कुस्तीत काय होतं बघा. २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागात पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीत खांदे टेकले की नाही यावरून शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली, तीन वर्षांची बंदी आली त्याच्यावर. लाथेचं समर्थन कोणीच करणार नाही. पण चितपटीसारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर जर एवढं होतं तर बॉक्सिंगमध्ये "कामाचं आक्रमण" कुणाचं यावर काय होणार.

मुंबईतलं पण एक उदाहरण आहे, मी वरच्या स्टँडला होतो. ५ ऑगस्ट २०१७, वरळीचं एनएससीआय, विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली, दोघांचे डब्ल्यूबीओचे आशियातले बेल्ट पणाला, दहा राउंड. सीमेवर चीनशी डोकलामचा ताण चालू होता त्यामुळे हॉलमध्ये वातावरण बॉक्सिंगचं कमी आणि बॉर्डरचं जास्त. चिनी पोराचे बेल्टखालचे फटके, पब्लिक नुसतं पेटलेलं. निकाल विजेंदर, ९६-९३, ९५-९४, ९५-९४. आता दहा राउंडची दहा-नऊने बेरीज १९० भरते, इथे तिन्ही कार्डांवर १८९. एक पॉइंट कापलेला, आणि दोन कार्डांवर फरकही एकाच पॉइंटचा. वरून बघताना मला वाटलं होतं की विजेंदर आरामात जिंकतोय. माझ्यातला जज त्या आवाजात कुठे गेला होता कोण जाणे. नंतर विजेंदर म्हणाला मला हा बेल्ट नको, परत द्यायला तयार आहे, शांततेसाठी. ते सगळ्यांना आठवतं, तो एक पॉइंट कोणाला आठवत नाही.

परत कॅनेलोवर येऊ. रिमॅच ५ मे २०१८ ला ठरली, फेब्रुवारीत कॅनेलोच्या लघवीत क्लेनब्युटेरॉल हे खेळाडूंना बंदी असलेलं औषध सापडलं. तो म्हणाला मेक्सिकोतलं मांस. हे ऐकून लोक कुचेष्टा करतात पण तिथे जनावरांना ते देतात हे खरं आहे, २०११ च्या मेक्सिकोतल्या १७ वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्डकपला २०८ पैकी १०९ नमुन्यांत ते निघालं होतं. म्हणून मी त्याला सरळ डोपर म्हणणार नाही. पण एवढा मोठा खेळाडू, एवढी टीम, आणि आपण काय खातोय हे बघायला कोणी नाही? सहा महिन्यांची बंदी लागली, मॅच सप्टेंबरवर गेली. मधल्या काळात गोलोव्हकिनने मे महिन्यात दुसऱ्याच एका बॉक्सरशी फाइट केली, आणि आयबीएफने ठरलेल्या चॅलेंजरशी लढला नाहीस म्हणून त्याचा एक बेल्ट काढून घेतला. डोप टेस्टमध्ये सापडला एक आणि बेल्ट गेला दुसऱ्याचा, या धंद्याचं मला अजूनही सगळ्यात जास्त न पटलेलं प्रकरण हेच.

१५ सप्टेंबर २०१८ ला परत तोच हॉल. या वेळी कॅनेलो पुढे आला, मागे सरला नाही, दोन जजनी ११५-११३ कॅनेलो, एकाने ११४-११४. त्या दोघांत एक डेव्ह मोरेटी, म्हणजे पहिल्या वेळी गोलोव्हकिनला ११५-११३ देणारे तेच. ही फाइट मला स्वतःला सहा-सहा वाटली, त्यामुळे यात अन्याय वगैरे मी म्हणत नाही. तिसरी २०२२ ला, गोलोव्हकिन ४० चा, तिन्ही कार्डं कॅनेलोची, त्यात वादच नव्हता.

आज गोलोव्हकिनचं रेकॉर्ड बघितलं तर ४२ विजय, २ पराभव, १ ड्रॉ, आणि ते दोन आणि तो एक, तिन्ही एकाच माणसाविरुद्धचे. सातवा राउंड तिकडे पडला असता तर त्यातला निदान एक आकडा जागा बदलून बसला असता, आणि कदाचित दुसरी फाइट वेगळ्याच अटींवर झाली असती. गडी मात्र नंतर खेळाच्या कारभारात गेला, कझाकस्तानच्या ऑलिंपिक कमिटीचा अध्यक्ष झाला, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग राहावं म्हणून वर्ल्ड बॉक्सिंग या नव्या जागतिक संघटनेच्या ऑलिंपिक कमिशनचा प्रमुख म्हणून धावपळ केली, आणि बॉक्सिंग राहिलं. बॉक्सिंगच्या आधीच्या जागतिक संस्थेची मान्यता आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२३ मध्ये काढून घेतली त्याच्या कारणांत पैशांचे व्यवहार होते, कारभार होता, आणि जजिंग होतं. त्या मीटिंगांमध्ये जजिंगचा विषय निघाला तेव्हा समोरच्यांनी गोलोव्हकिनकडे कसं बघितलं असेल, हे मला फार बघायचं होतं.